गाजर म्हटलं की गाडी

आमच्या घरात गाजर हा शब्द जपून वापरायचा असतो. भाजीवाल्यापुढे चालतो, ताटात चालतो, फोनवर मात्र नाही. ‘मुळा’ म्हणजे सगळं ठीक आहे, चुकून घंटा वाजली. ‘गाजर’ म्हणजे चोर शेजारी उभा आहे, मला नीट बोलता येत नाही, माणसं पाठवा. दोन्ही एकाच टोपलीतले, म्हणजे चोराला संशय येणार नाही, असं बाबांचं म्हणणं.

बाबांची कंपनी चोरघंटांवर नजर ठेवते. ठेवते म्हणजे त्या दिवसापर्यंत ठेवत होती. त्या दिवशी दुपारी सगळ्या लाइनी आम्हाला विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीकडे वळवायच्या होत्या आणि मला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. खुर्चीत बसले की उठावंसं वाटायचं, उठले की कुठं जायचं ते कळायचं नाही. मोठ्या कंपनीची टायवाली माणसं मीटिंगच्या खोलीत हसतखेळत बसली होती आणि त्यांचं ते हसणं माझ्या डोक्यात जात होतं.

खरी काळजी कंपनीची नव्हतीच. आई घरी बाबांबरोबर एकटी होती. बाबांचं विसरणं वर्षभरात फार वाढलं होतं. आधी चष्मा, मग वार, मग माझं नाव. मी आईला म्हणत होते, दिवसभरासाठी एक नर्सबाई ठेवू, मी शोधलीय, चांगली आहे. आई दर वेळी तेच म्हणायची, “आम्ही मजेत आहोत गं. तू तुझं बघ.” मजेत! बाबा दिवसाआड मागचं दार उघडून घंटा वाजवायचे, आमच्याच कंट्रोल रूममधून घरी फोन जायचा, आई ‘मुळा’ म्हणायची आणि खळखळून हसायची. त्या हसण्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण आईपुढे माझं कधी चाललंय? आपल्याच नवऱ्याचा तिला धोका आहे, हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगणार होते?

कंपनी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत सुरू झाली. भिंतीवर एक फळी, फळीवर दिवे, प्रत्येक दिव्याखाली एका दुकानाचं नाव. दार फुटलं की दिवा लागायचा. बाबा दिवसभर शिड्या चढून तारा ओढायचे आणि फळीसमोर आई बसायची. मी टेबलाखाली अभ्यास करायचे. आई एका हातानं मटार सोलायची, दिवा लागला की दुसऱ्या हातानं फोन फिरवायची. तेव्हा प्रत्येक ग्राहकाचा ओळख पटवायचा एकच शब्द असे. तो बरोबर आला की आई दिवा मालवायची.

मग ते सराफाचं झालं. त्याच्या दुकानाचा दिवा लागला, आईनं फोन केला, त्यानं बरोबर शब्द सांगितला, आईनं दिवा मालवला. तो बिचारा तेव्हा खुर्चीला बांधलेला होता आणि चोरानं फोन त्याच्या कानाशी धरला होता. जबडा मोडला त्याचा. जिवावरचं जबड्यावर निभावलं, एवढंच. आईनं हाय खाल्ली. किती दिवस नीट जेवली नाही. मग एकदा हात धुता धुता म्हणाली, “त्याला चुकीचं बोलायची सोय हवी होती.”

दुसरा शब्द तिथून आला. कंपनीच्या माहितीपत्रकात छापलंय, ‘संस्थापकांची अभिनव कल्पना’. अभिनव म्हणे! दर वर्धापनदिनाला बाबा ही गोष्ट स्वतःची म्हणून सांगायचे आणि मला संताप यायचा. आई मात्र पहिल्या रांगेत मजेत बसायची, आणि भाषण फारच लांबलं की मोठ्यानं म्हणायची, “गाजर!” सगळा हॉल हसायचा. बाबा आवरतं घ्यायचे. मग घरातही तेच सुरू झालं. पाहुणे हलेनात, गाजर. शेजारीण तोंडाचा पट्टा थांबवेना, गाजर. आई स्वयंपाकघरातून ऑफिसला फोन करून सांगायची, “गाजर आहे रे बाबा, कुणीतरी कामाचा फोन करा, म्हणजे ही बाई उठेल.” ऑफिसातल्या जुन्या लोकांना हा खेळ पाठ झाला होता.

त्यातले सगळ्यात जुने घुबडकाका. सायकलच्या दुकानापासूनचे. उभी हयात रात्रपाळी केली म्हणून घुबड. आता वयामुळे दिवसा बसायचे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

तर मी येरझाऱ्या घालत होते आणि घुबडकाका चहाचा कप घेऊन समोर आले. “ताई, नवीन लोकांनी चांगलंच गाजर दाखवलंय हं आपल्याला,” म्हणाले. आणि स्वतःच हसायला लागले. “गाजरावरून आठवलं. मघाशी साहेबांनी घरातलं धोक्याचं बटण दाबलं. मी फोन केला, तर वहिनी म्हणतात, गाजर!”

“मग?”

“मग काय? मी म्हटलं, वहिनी, साहेबांचं भाषण चालू आहे वाटतं? तर म्हणाल्या, हो, जरा लांबलंय. मी सिग्नल रद्द केला.”

“काका, आई हसली का?”

ते कप ओठांशी नेता नेता थांबले. विचार करायला लागले. त्यांनी इतका वेळ विचार करावा, यातच उत्तर आलं.

“नाही,” ते म्हणाले. “हसल्या नाहीत.”

शेजारच्या टेबलावर मोठ्या कंपनीची मुलगी काम समजून घेत बसली होती. ती अगदी सरळपणे म्हणाली, “आमच्याकडे चुकीचा शब्द आला की गाडी जाते. कोण बोलतंय ते बघत नाहीत.”

तिला एक ठेवून द्यावी असं वाटलं. कारण तिचं बरोबर होतं. परक्यांच्या हाती कंपनी जाणार म्हणून मी महिनाभर जळत होते आणि परक्या माणसानं त्या फोननंतर डोळे मिटून गाडी पाठवली असती. आम्ही घरचे, आम्हाला सगळं माहीत, म्हणून आम्ही हसून फोन ठेवला. आईनं उभा केलेला नियम आम्हीच थट्टेवारी नेला होता, आणि तिनंही.

“हेडफोन घाल आणि फळीवर बस,” मी त्या मुलीला म्हटलं. फळी जाऊन पडदे आले तरी आम्ही फळीच म्हणतो. ती गोंधळली, पण बसली. घुबडकाकांनी गाडीची किल्ली आधीच उचलली होती.

वाटेत मी दहादा फोन हातात घेतला आणि ठेवला. चुकीचा शब्द आला की परत फोन करायचा नाही. चोर सावध होतो. पण चोर कुठला, घरात बाबाच तर आहेत, असंही वाटायचं, आणि तेच जास्त भयंकर वाटायचं. घुबडकाका गाडी चालवत स्वतःलाच शिव्या घालत होते.

“म्हातारचळ लागला मला. चांगला म्हातारचळ.”

“काका, गप्प बसा आणि गाडी हाका!” मी ओरडले. सिग्नल लाल होता. हाकणार कुठं?

घराचं दार आतून साखळीनं लावलेलं होतं. फटीतून बाबा दिसले. हातात नळाचा मोठा पाना.

“कोण?”

“बाबा, मी.”

“मी कोण?” त्यांनी पाना वर केला. “पुढे यायचं नाही. मी कंट्रोल रूमला कळवलंय.”

त्यांच्या मागे स्वयंपाकघराच्या खुर्चीत आई बसलेली. हात मांडीवर, पाठ ताठ. ती माझ्याकडे बघत नव्हती, पान्याकडे बघत होती. मी दाराला धडक देणार होते. खरंच देणार होते. घुबडकाकांनी माझा दंड धरून मला मागे ओढलं आणि कंपनीच्या सदऱ्यावरचं बोधचिन्ह फटीसमोर धरलं.

“साहेब, सिग्नल मिळाला. आम्ही आलो.”

बाबांचा चेहरा सैल झाला. “उशीर केलात.”

“चुकलं साहेब.”

साखळी निघाली. बाबांनी आईकडे पाना रोखला. “ही बाई घरात शिरली. म्हणते, मी तुमची बायको. माझी बायको ऑफिसात फळीवर बसलीय! आणि ऐका, हिला आपला शब्दसुद्धा माहितीये. फोनवर गाजर म्हणाली. आतलाच कुणीतरी फितूर आहे, त्याला आधी शोधा.”

“शोधतो साहेब. हिला आम्ही घेऊन जातो.” घुबडकाका आईजवळ गेले. “चला बाई.”

आई उठली. बाबांसमोरून मान खाली घालून गेली, स्वतःच्या घरातून, पायात चपलासुद्धा नाहीत. बाबा मागून म्हणाले, “धक्काबुक्की करू नका. बाईमाणूस आहे.”

मी थांबले. पाना मागितला, तर तो त्यांनी शहाण्या मुलासारखा माझ्या हातात दिला. “पुरावा आहे, नीट ठेवा,” म्हणाले. मी तो पर्समध्ये कोंबला आणि खाली पळाले.

आई गाडीत मागच्या सीटवर बसली होती. मनगटावर लाल वळ. मी बघितला. तिनं हात पदराखाली घेतला.

“आई, लागलंय का कुठं?”

“नाही.”

“आता तरी ऐकशील?”

मी असं बोलायला नको होतं. पण जीव इतका टांगणीला लागला होता की प्रेमसुद्धा रागासारखंच बाहेर पडत होतं. घुबडकाका गाडीच्या दाराशी उभे राहून लहान मुलासारखे रडत होते. “वहिनी, मी हसलो हो. तुम्ही सांगत होतात आणि मी हसलो.”

“गप रे,” आई म्हणाली. “मीच शिकवलं तुम्हाला हसायला.”

मग बराच वेळ ती वर आपल्या खिडकीकडे बघत राहिली. बाबा खिडकीत येऊन रस्त्यावर डोकावत होते, डावीकडे, उजवीकडे.

“माझी वाट बघतायत,” ती म्हणाली. “मी आत कशी जाऊ गं? मला तर चोर म्हणून बाहेर काढलंय.”

घुबडकाकांनी बाहीनं नाक पुसलं. “वहिनी, ऑफिसातून आलात म्हणा. पाळी संपली म्हणा.”

आईनं माझ्या चपला मागितल्या. केस नीट केले, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, माझी पर्स खांद्याला लावली. मी म्हटलं, मी पुढे होते. ती म्हणाली, “मागे राहा. दिसेल असं उभी राहू नकोस.” जिना चढताना तिनं कठडा घट्ट धरला होता. स्वतःच्या घराची घंटा तिनं वाजवली.

बाबांनी दार उघडलं. त्यांचा चेहरा इतका फुलला की मला तिकडे बघवेना.

“आलीस? अगं, आज काय झालं माहितीये? घरात चोर शिरला होता. बाई! मी पकडून ठेवली.”

“हो का?”

“माणसं आली आणि घेऊन गेली. काही चोरीला गेलं नाही, काळजी करू नकोस.” मग ते जरा थांबले. “म्हातारी होती गं. फार घाबरली होती बिचारी.”

“हो,” आई म्हणाली. “फार घाबरली होती.”

तिनं त्यांचा हात धरून त्यांना आत वळवलं. उंबऱ्यापाशी थांबून जिन्याकडे न बघताच ती हळू आवाजात मला म्हणाली, “त्या नर्सबाईंना फोन कर. उद्या नको, आत्ताच.”