नळीचं तोंड

ताईचं शेवटचं डायलिसिस होऊन आठ दिवस झाले होते. दर सोमवारी आणि गुरुवारी व्हायला हवं. गुरुवार बुडाला, मागोमाग सोमवारही बुडाला, आणि आता मंगळवार उजाडला होता. ती खाटेवर पाठीशी चार उशा घेऊन बसून होती आणि एका वाक्यात दोनदा श्वास घेत होती. सकाळी डॉक्टर फोनवर म्हणाले, "आज आणा. उद्याचं मला काही सांगता येणार नाही."

हॉस्पिटल नदीपलीकडे. मोठा पूल दुरुस्तीसाठी उखडून ठेवला होता. राहिला होता तो खालचा फरशी पूल, आणि त्याच्यावरून गेले सहा आठवडे धरणाचं पाणी गुडघाभर वाहत होतं. दुपारी एकला धरणाचा आणखी एक दरवाजा उघडायचे. मग दुसऱ्या सकाळपर्यंत तिथून काहीच जात नसे. ॲम्ब्युलन्स पलीकडच्या काठापर्यंत यायची, पाण्यात उतरायची नाही. आमच्याकडे भावजींची पिकअप होती आणि तिचा मागचा ॲक्सल गेल्या बुधवारी जाम झाला होता.

का जाम झाला, ते मला तो उघडल्यावर कळलं. दोन मागच्या चाकांच्या मध्ये जो फुगीर लोखंडी गोळा दिसतो, त्यात गिअर असतात, थोडं तेल असतं आणि उरलेल्या जागेत हवा. गाडी पळाली की ही हवा तापून फुगते. तिला बाहेर पडायला ॲक्सलच्या पाठीवर बोटाच्या पेराएवढं एक सच्छिद्र झाकण असतं, त्याला ब्रीदर म्हणतात. तापलेला ॲक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा पटकन आकसते आणि ब्रीदर बाहेरून मिळेल ते आत ओढतो. बाहेर पाणी असेल तर पाणी. आमच्या गोळ्यातून काळं तेल यायच्या ऐवजी राखाडी-पांढरा फेस ओघळला आणि त्यात बेअरिंगचे तुकडे होते. मी भौतिकशास्त्राची पदवी घेतली आहे. सहा आठवडे ताईशेजारी बसून मी त्याच गाडीतून त्याच पाण्यातून जात होते, आणि एकदाही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

भंगारातून दुसरा ॲक्सल मिळाला. तो चढवण्यात भावजींचे आणि माझे चार दिवस गेले. चाकांशी तेल अडवणारे त्याचे रबरी ऑइल सील जुनेच होते, नवे मिळाले नाहीत. आता फक्त ब्रीदर काढून त्या जागी रबरी नळी बसवायची आणि ती वर हौद्याच्या कठड्यापर्यंत न्यायची, एवढं काम राहिलं होतं. म्हणजे ॲक्सल पाण्यात बुडाला तरी श्वास वरून घेईल. ही कल्पना पलीकडच्या काठावरच्या मिस्त्रीची. त्याला सगळे सायलेन्सर म्हणायचे, कारण तो आवाज करत नसे आणि हात लावावा तेव्हा तापलेला असे.

"नळीत झोल ठेव," तो फोनवर सांगत होता. "ॲक्सल खालीवर होतो. ताणून बांधलीस तर उपटून येईल."

"ठेवलाय. आणि वरचं टोक?"

"तोंड वर घट्ट लाव. घट्ट म्हणजे घट्ट. नाहीतर गेलंच सगळं—"

आणि रेंज गेली. पुन्हा चार वेळा लावून पाहिला, लागला नाही.

मी हौद्यावर चढले, एक जाड बोल्ट शोधला, नळीच्या तोंडात पिळून बसवला आणि वरून क्लिप आवळली.

भावजी खालून बघत होते. "अगं, पण तोंडच बंद केलंस तर ॲक्सल श्वास कुठून घेणार?"

"मिस्त्री म्हणाले ना, घट्ट लाव."

"म्हणाला खरं." त्यांनी डोकं खाजवलं. "मला आपलं वाटलं. तू शिकलेली."

मला मिस्त्रीचं म्हणणं पटलंही होतं. तोंडच बंद तर पाणी शिरेल कुठून? बंद भांड्यातली हवा तापवली तर दाब किती वाढतो, हे गणित मी शाळेत असताना सोडवलं होतं. पण पावणेदहा वाजले होते आणि आतून ताईच्या खोकल्याचा आवाज येत होता.

आम्ही तिला खुर्चीसकट उचलून केबिनपर्यंत आणलं. तिचे पाय सुजून गुळगुळीत झाले होते.

"अहो, मला मागे हौद्यातच टाका," ती म्हणाली. "नाहीतरी मालच आहे मी."

"माल एकदा उतरवला की परत आणत नाहीत," भावजी म्हणाले. "तुला आणायचंय. सरक आत."

नदी चौदा किलोमीटरवर. मधले पाच चढाचे, मग नदीपर्यंत उतार. ताई माझ्या खांद्यावर रेलली होती आणि मी तिचं मनगट धरून ठोके मोजत होते. मिनिटाला बावन्न. पाच मिनिटांनी एकोणपन्नास. रक्तात पोटॅशियम साठलं की हृदय असंच मंद होत जातं, आणि मग एकदम थांबतं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

"पाय माझे वाटत नाहीत गं," ती म्हणाली. "कुणाचे तरी ठेवून घेतल्यासारखे."

"बोलू नकोस."

"बोलले नाही तर तुला कळणार कसं मी आहे ते?"

चढ संपता संपता जळक्या तेलाचा वास आला. भावजींनी ब्रेक दाबला तशी गाडी उजवीकडे ओढली गेली. त्यांनी ती कडेला घेतली. मी उतरून चाकामागे वाकले. डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने तेल पाझरून टायरवर पसरलं होतं. खाली धूळ बसलेल्या रस्त्यावर ठिपके पडत होते, सेकंदाला एक. ॲक्सलच्या गोळ्याला हात टेकवला. एक अंक मोजायच्या आत काढून घ्यावा लागला.

माथ्यावर रेंज होती. सायलेन्सरने पहिल्याच घंटीला उचलला.

"सीलमधून तेल येतंय," मी म्हणाले. "डाव्या बाजूने. ब्रेकवर."

"नळी वाकली का कुठे?"

"नाही. तोंडही घट्ट लावलंय, बोल्ट घालून."



"बोल्ट?"

"तुम्हीच म्हणालात तोंड घट्ट लाव!"

"लाव म्हणजे बांध गं बाई! कठड्याला बांध! हलून खाली पाण्यात पडायला नको म्हणून! दार लावतात तसं लाव म्हणालो का मी?"

पंचवीस अंशांवरून ऐंशी अंशांपर्यंत हवा तापली तर दाब अठरा टक्क्यांनी वाढतो. बाहेर पडायला वाट नाही, म्हणून त्याने जुन्या सीलची कड ढकलून स्वतःची वाट काढली होती. आणि हे सगळं माझ्या हाताने झालं होतं, क्लिप आवळून.

"आता ऐक," सायलेन्सर म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "आत्ता असंच पाण्यात घातलंस तर त्याच वाटेने पाणी आत येईल. तेल आधीच कमी झालंय. पुलाच्या मधोमध बेअरिंग जाम झालं तर तिथेच उभे राहाल. नको जाऊ."

"पेशंट आहे गाडीत."

"माहितीय मला कोण आहे गाडीत," तो म्हणाला. आणि मग, "आधी तेल घाल. मग गार कर. तोंड उघडं ठेवून गार कर. कळलं? उघडं."

मी हौद्यावर चढून क्लिप सोडली. बोल्ट फट्‌कन उडाला आणि गरम तेलाचे तुषार माझ्या गालावर आले. नळी कितीतरी वेळ फुसफुसत राहिली. भावजींनी गोळ्यात तेल भरायच्या भोकाचा बोल्ट काढला आणि मी भोकातून बोट घातलं. तेल भोकाच्या काठाला टेकलेलं हवं. माझं दुसरं पेर आत गेलं तरी बोट कोरडंच.

"इंजिनचं तेल आहे, अर्धा कॅन," भावजी म्हणाले. "ते चालतं का याला?"

"आज सगळं चालतं."

प्लास्टिकच्या नळीचा तुकडा लावून ते ओतलं. काठाला लागलं नाही, पण बोटाच्या टोकाला लागलं. मग उतार. पहिला गिअर, इंजिनवरच गाडी रोखत, ब्रेकला शक्यतो पाय न लावता. काठावर पोचलो तेव्हा अकरा चाळीस झाले होते. पाणी फरशीवरून तपकिरी, सपाट, घाई नसल्यासारखं चाललं होतं. पलीकडे, दीडशे मीटरवर, ॲम्ब्युलन्सचा पांढरा टप दिसत होता.

भावजींनी गाडी पाण्यात घालायला गिअर टाकला.

"थांबा," मी म्हणाले. "ॲक्सल गार होऊ दे आधी."

"काय?"

"अजून कढत आहे. असाच बुडवला तर आतली हवा आकसेल आणि सील उघडलंय, तिथून पाणी ओढेल. बाहेरच गार केला, तर आकसताना वरून नळीतून हवा घेईल. मग पाण्यात शिरल्यावर ओढायला काही उरणार नाही."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"वीस मिनिटं?" ते ओरडले. "तिच्याकडे बघ एकदा! ती समोर ॲम्ब्युलन्स उभी आहे आणि मी इथे बसून लोखंडाला अंघोळ घालू?"

मी ताईकडे पाहिलं. तिचे ओठ राखाडी दिसत होते. ठोके चव्वेचाळीस. माझी एक चूक झालेली होती. हीही चूक असेल तर तिसरी करायला संधी मिळणार नव्हती.

"अहो," ताई म्हणाली. मध्ये श्वास घेतला. "घाला अंघोळ."

भावजी उतरले. डबा भरून आणला आणि गाडीखाली आडवे होऊन गोळ्यावर ओतायला लागले, सीलपासून दूर, मधोमध. वाफ निघाली. मी हौद्याच्या कठड्याशी उभी राहिले आणि नळीचं उघडं तोंड खालच्या ओठाला टेकवलं. थर्मामीटर नव्हता, पण हे होतं: प्रत्येक डब्यासरशी नळी माझा ओठ आत ओढून घ्यायची. लहान बाळाने धरावा तसा, हलका, पण नक्की.

"ओढतोय?" खालून भावजी.

"ओढतोय. ओता."

सात डबे झाले, नळी अजून ओढत होती. अकराव्याला कमी झाली. गोणपाटाचा एक तुकडा भिजवून त्यांनी तो गोळ्यावर गुंडाळला. बारा वाजून दोन मिनिटांनी मी ओठाला नळी लावली आणि काहीच जाणवलं नाही. डबा ओतला, तरी नाही.

"झालं," मी म्हणाले. मग खाली उतरून हात टेकवला. दहापर्यंत मोजलं. हात तिथेच होता.

नळी कठड्याला तीन ठिकाणी बांधली. तोंड उघडं, खाली वळवलेलं, त्यावर माझ्या ओढणीची एक घडी.

पाण्यात शिरल्यावर भावजींनी ना वेग वाढवला ना कमी केला. पाणी चाकांच्या मध्यापर्यंत आलं, मग मध्याच्या वर. मागे कुठेतरी काहीतरी घासल्यासारखा आवाज आला आणि बंद झाला. मी ताईच्या मनगटावर बोटं ठेवून बसले होते. दोन ठोक्यांमध्ये इतकी जागा होती की प्रत्येक वेळी मला वाटायचं, हा शेवटचा. ती डोळे मिटून होती. पाण्याच्या मधोमध तिने माझ्या बोटांवर तिचं बोट टेकवलं, दोनदा. आहे, म्हणून.

पलीकडे स्ट्रेचर घेऊन दोघं गुडघाभर पाण्यात आले. भावजी तिच्यासोबत ॲम्ब्युलन्समध्ये बसले. जाताना त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवून घेतलं.

पाऊण तासाने सायलेन्सर स्कूटरवरून आला. त्याने गोळ्याचा खालचा बोल्ट सोडला, एका झाकणात तेल घेतलं. काळंच होतं, पण कडेने करड्या रंगाची एक बारीक रेघ फिरत होती. त्याने ते दोन बोटांत चोळलं.

"किती?" मी विचारलं.

"अर्धा कप पाणी असेल. कमी केलंस तू." मग म्हणाला, "पण सील गेलंय ते गेलंय."

एक वाजला. वरच्या बाजूला भोंगा झाला आणि फरशीच्या कडेचे खांब एकेक करत पाण्याखाली जायला लागले. तेवढ्यात फोन वाजला.

"सात पॉइंट सहा होतं पोटॅशियम," भावजी म्हणाले. एकेक आकडा ते पाठ केल्यासारखा सांगत होते. "डॉक्टर म्हणाले, इथवर आली कशी. ईसीजीतली ठोक्यांची रेघ पार पसरली होती. इंजेक्शन दिलं, मशीन सुरू आहे. रेघ आता जरा अरुंद व्हायला लागलीय म्हणतात."

मी खाली बसले. चिखलातच.

"ऐकतेस ना? आणि उद्या सकाळी घरी न्या म्हणाले. बेड रिकामा नाही त्यांच्याकडे. गुरुवारी परत आणा." ते थांबले. "येईल का गं गाडी?"

मी सायलेन्सरकडे पाहिलं. त्याने फोनमधलं ऐकलं होतं. स्कूटरच्या डिकीतून त्याने पाना काढला आणि माझ्या हातात दिला.

"डावं चाक," तो म्हणाला. "पाच नट आहेत. सुरू कर, मी सील शोधून आणतो."