निळीच्या रांजणाची आवई

मी चाँदबी रंगारीण. खोटं बोलते म्हनून अख्ख्या कोल्हापुरात माझं नाव हाय, आनि ते मी कधी नाकारलं न्हाय. रंगाऱ्याला खोटं बोलावंच लागतंय. निळीचा रांजण रुसला की दुसरा इलाज न्हाय.

म्हंजे बगा, हा रांजण जिता असतोय. गळ्यापतोर जमिनीत पुरलेला, आत नीळ, चुना, गूळ आनि टाकळ्याचं बी. रोज ढवळायचं, रोज बोटानं चाखायचं. लुगडं आतनं काढलं की हिरवं, आनि वारा लागला की बगता बगता निळं. पर कधीमधी रुसतोय. फेस बसतोय, वास फिरतोय, कापड चिखलातनं काढल्यागत बाहेर येतंय. मग सासूनं शिकवलेली रीत करायची. एक आवई उठवायची, एवढी खोटी की ऐकणारा पोट धरून हसला पायजे. ती गावभर फिरून सांजच्याला आपल्याच दारात परत आली, की रांजण मानला.

ज्या साली जर्मनची लढाई लागली, त्याच उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. तवा लढाईचं नाव बी कुनाच्या तोंडात नव्हतं. आमच्या मालकांच्या डोस्क्यात जर्मनच्या पुडीनं घर केलंतं. मी नाव घेत न्हाय, गल्ली त्यांस्नी बादशहा म्हनती. पत्र्याचा डबा, वर हसऱ्या गोऱ्या बाईचं चित्र, आत पूड. गरम पान्यात टाकली की रंग तयार. गल्लीतल्या समद्यांनी आपापलं रांजण बुजवून पुडीच्या चुली घातल्या. आनि नेमका तवाच माझा रांजण रुसला. चार दिस फेस न्हाय.

मालक म्हनले, "चाँदबी, शुक्रवारपतोर वाट बगतो. न्हाय मानला तर माती ढकलतो आनि वर चूल घालतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोर न्हाय, माहेर न्हाय, त्या घरात माझं म्हनावं असा तेवढा रांजण हुता. रांजणापाशी चार मानसं मला इचारायची. तो गेला की मी कोन? पुडीच्या चुलीला जाळ घालनारी बाई.

बेस्तरवारी सकाळी खोटं बोलायला बाहेर पडले. पर बोलू काय? दोन तोंडाची म्हस सांगून झालती. रंकाळ्यात मगर व्याली, हे बी झालतं. उंबऱ्यात पुडीचा डबा हुता. ती गोरी बाई माझ्याकडं बगून हसत हुती. अशी चीड आली, की त्या चिडीतनंच आवई सुचली.

मंडईत गेले. बनाबाई भाजीवाली वांगी मांडत बसलेली.

"बनाक्का, ऐकलंस काय? जगातल्या समद्या राजांची लढाई लागनार हाय. एकदम, एकाच टायमाला."

"ती आनि कशापायी?"

"कशापायी न्हाय. उगंच. मानसं आभाळातनं उडत येनार आनि खाली आग टाकनार. आपली पोरं साता समुद्रापार चर खनून बर्फात बसनार. जर्मनची पूड बंद, रॉकेल बंद. आनि चांदी अशी आटनार, की सरकार कागदाचा रुपया काढनार."

कागदाच्या रुपयाला बनाक्का एवढी हसली की पाटीतली वांगी घरंगळली. शेजारी हुपरीचा एक चांदीवाला उभा हुता. त्यो म्हनला, "मग पैंजण काय केळीच्या पानाचं करू व्हय?" आनि दोघं एका तोंडानं म्हनली, "चाँदबी, रांजण रुसला वाटतं."

सांजच्याला ज्ञानू कोष्टी सूत घेऊन दारात आला. "वैनी, ऐकलं न्हवं? लढाई लागनार, आनि बाप्ये कमी पडले म्हनून इलायतंत बायका टेसनावर तिकिटं फाडनार." आवई वाटेत वाढली बी हुती आनि घरी बी आलती. मला लई बरं वाटलं.

शुक्रवारी मालक फावडं घेऊनच आले. मी चिंधी बुडवली, काढली. हिरवी. वारा लागला, निळी झाली. मालक फावडं धरून उभेच.

"ऱ्हाऊ दे," म्हनले, "पर पूड बी चालू करनार." चूल पुढं घातली. गिऱ्हाईक तिथंच थांबायचं. मागं माझ्याकडं कोन फिरकंना. पानी भरायला निघाले की पोरीबाळी बी म्हनायच्या, कागदाचा रुपया चालला बगा.

श्रावणात लढाई लागली.

दोन म्हयने डबे मिळाले, मग मिळंनात. गल्लीत समद्यांच्या चुली थंड, आनि जिता रांजण एकच, माझा. कोष्टी माझ्या दारात सूत घेऊन वळीनं बसाय लागले. हसलेल्या मानसांस्नी मी मुद्दाम उनात बसवलं. का बसवू नये? त्यांच्या हसन्याचं मला बी उनच लागलंतं की.

मग एकेक खरं व्हाय लागलं. पोरं बोटीनं गेली, बर्फात बसली. रॉकेल गेलं. बनाक्काचा पोरगा पिराजी बी पलटनीत गेला. एक दिस ती आली, हसली न्हाय, माझा हात धरला. "चाँदबी, तुझं खरं हुतंय. माझा पिराजी आला म्हन." रांजण रुसला नव्हता, तरी मी मंडईत जाऊन वरडले, पिराजी आला म्हनून. साताठ म्हयन्यांनी तो हातकणंगल्याच्या टेसनावर उतरला. लंगडत आला, पर आला. बनाक्कानं माझ्या दारात पाटीभर वांगी वतली.

पुढं कागदाचा रुपया बी निघाला. हुपरीचा चांदीवाला तो घेऊन आला, माझ्यापुढं धरला आनि मान खाली घालून गेला. त्या दिशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग संक्रांतीच्या तोंडावर सांगलीचा मोठा कापडवाला आला. शंभर लुगडी निळी पायजे म्हनला. मालक पुढं बसलेले. वीस वर्सं मोठ्या गिऱ्हाइकाशी सौद्याचं तेच बोलत आलेले, मी आतनं ऐकायची. त्या दिशी ते म्हनले, "मला काय इचारतासा? रांजण तिचा हाय."

मी समदं ऐकलं, पर हलले न्हाय. ढवळत ऱ्हायले. मालक उठून आत आले, दाराशी उभं ऱ्हायले. मला जन्मात 'अगं' आनि 'तू' सोडून दुसरं कधी म्हनले न्हाईत ते, खाकरून म्हनले, "चाँदबी, पावणं आल्यात. जरा बाहेर येतासा काय तुमी?"