ओठाखालचा पांढरा डाग

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. काच कोपऱ्यात तडकलेली, सकाळी भरलेली बॅटरी दुपारपर्यंत टिकली तर नशीब. पण माझी कीव करू नका. कीव करण्यासारखी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी मला एका मोठ्या कारखान्यात जोडलं. माझा कॅमेरा तपासणारी बाई म्हणाली होती, "याची नजर चांगली आहे." त्या एका वाक्यावर मी दुकानाच्या काचेमागे फुशारून बसलो होतो. मग फरशांच्या दुकानातल्या एका विक्रेत्याने मला विकत घेतलं. सासूबाई त्यांच्याकडेच राहत, म्हणून घरीदारी सगळे त्यांना जावईबापू म्हणत. मीही तेच म्हणतो. मान म्हणून नव्हे.

जावईबापूंनी पहिल्याच आठवड्यात माझ्यात फोटो सुधारायचं ॲप घातलं. भडक काही त्यांना खपत नसे. "गालांवर गुलाब फुलवणारे वेगळे," ते म्हणत. "आपलं काम असं, की कुणाला संशयसुद्धा येऊ नये." चोराचंही यापेक्षा वेगळं म्हणणं नसावं.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की फरशांच्या थप्पीवर बसून त्यांचा अंगठा माझ्यावर फिरू लागे. मेव्हण्याची दुसरी हनुवटी गेली. स्वतःच्या कपाळावर चार केस आले. बायकोच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तर त्यांनी एका फटक्यात घालवली. ती कशाने आली, हे विचारायला मात्र त्यांना कधी फुरसत झाली नाही. सासूबाईंना विसर पडू लागल्यापासून ती बिचारी धड झोपलेली नव्हती.

सासूबाईंच्या खालच्या ओठाखाली एक पांढरा डाग होता, नखाएवढा, तरुणपणापासूनचा. त्यांनी तो कधी लपवला नाही. जावईबापूंनी तो दर फोटोत कातडीच्या रंगाखाली पुरला. नातेवाईक म्हणत, "अय्या, काय छान फोटो आलाय!" त्यावर हे विनयाने म्हणत, "कॅमेराच चांगला आहे हो." थापा त्यांच्या आणि शाबासकी मला! मूळ फोटो ते लगेच पुसून टाकत. उगाच जागा खातात म्हणे.

एके दिवशी त्यांची बायको आईला घेऊन दातांच्या डॉक्टरकडे गेली. नाव सांगायला ती खिडकीशी गेली आणि वळून पाहते तो खुर्ची रिकामी. जिन्यात नाही, रस्त्यावर नाही. आईचं ओळखपत्र असलेली पर्स तिच्याच खांद्याला. तिने रडत फोन केला, जावईबापू दुकान टाकून धावले. त्यांनी ओळखीच्या झाडून सगळ्यांना निरोप धाडला. "सासूबाई हरवल्या आहेत. निळा स्वेटर. पुढे पाठवा." आणि सोबत वाढदिवसाचा, सगळ्यांत 'छान' फोटो.

मग मला हातात धरून ते बायकोबरोबर दारोदार फिरले आणि मी दारोदार खोटं बोललो. बसचा कंडक्टर, फळवाला, बँकेचा रखवालदार, सगळ्यांनी माना हलवल्या. औषधांच्या दुकानातल्या बाईंनी मात्र मला जवळ घेऊन पाहिलं.

"निळ्या स्वेटरवाल्या एक आजी मघाशी येऊन गेल्या. पण या नव्हेत. त्यांच्या ओठाखाली पांढरं होतं."

बायकोने मला नवऱ्याच्या हातातून हिसकावलं. "हा फोटो पाठवलात तुम्ही? आईचा डाग कुठाय?"

"अगं, अगदी हलकंच केलं होतं..."

"दुसरा दाखवा."

ती फोटो मागे सारत गेली. लग्नातला, बागेतला, नातवाला मांडीवर घेतलेला. माझ्या पोटात सासूबाईंचे एवढे फोटो, पण एकातही सासूबाई नव्हत्या.

मग ती मला तोंडाशी धरून बोलली आणि तिचा आवाज सगळ्यांना गेला. "फोटो बघू नका. माझ्या आईच्या खालच्या ओठाखाली पांढरा डाग आहे. तो शोधा."

थोड्याच वेळात एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. "अहो, त्या इथे वाचनालयात बसल्यात! तुमचा फोटो आला तेव्हा मी त्यांच्या शेजारीच होतो की."

सासूबाई वर्तमानपत्रांच्या टेबलाशी शांत बसल्या होत्या. लेकीला पाहून म्हणाल्या, "किती वेळ गं? आला का माझा नंबर?" लेक त्यांच्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागली. मास्तरांचा गोंधळ अजून मिटला नव्हता. त्यांनी आपल्या मोबाईलवरचा तो फोटो सासूबाईंपुढे धरला. "आजी, या कोण, ओळखता?"

सासूबाईंनी तो नीट न्याहाळला.

"नाही बाई. हरवल्यात का? घरचे शोधत असतील हो बिचारीला."

जावईबापू चटकन म्हणाले, "त्या दिवशी उजेड जरा जास्त होता."

त्यांनी आता नवा मोबाईल घेतलाय. त्यातही तेच ॲप आहे. मला त्यांच्या बायकोने मागून घेतलं. ती आईचे फोटो काढते, वाकडे, हललेले, कधी अर्धं कपाळ कापलेले. ते ती तसेच ठेवते. माझ्या चांगल्या नजरेला इतक्या वर्षांनी काम मिळालंय.

मित्रांनो, तुमचं तोंड तुम्हाला आवडत नसेल, तर खुशाल घासा, पुसा, रंगवा. माझं काही जात नाही. पण दुसऱ्याचं तोंड दुरुस्त करायला निघालात, तर आधी त्याला विचारा. नाहीतर एखाद्या दिवशी तुम्ही त्या माणसाला शोधायला बाहेर पडाल, आणि तुमच्या हातात भलत्याच कुणाचा तरी फोटो असेल.