प्लास्टिकमधले खेळाडू

अण्णा, माझे वडील, गेल्यावर बोईसरजवळच्या सालवडची त्यांची खोली महिनाअखेर रिकामी करून द्यायची होती. मी पालघरच्या वाचनालयात काम करते, राहतेही तिथेच. शनिवारी दुपारच्या एसटीने यायचे, थोडं आवरायचे, बरंचसं तसंच ठेवून परत जायचे. पलंगाचं, भांड्यांचं, रेडिओचं काय करायचं ते ठरलं होतं. बिस्किटांच्या डब्यातल्या कार्डांचं तेवढं ठरत नव्हतं.

अण्णा मूळचे परभणीकडचे. त्यांच्या लहानपणी सिगारेटच्या पाकिटांतून क्रिकेट खेळाडूंची छोटी रंगीत चित्रं निघत. आजोबा साहेबलोकांच्या क्लबात माळी होते; तिथली फेकलेली पाकिटं उचलून अण्णांनी सगळा संच जमवला होता. तो डबा त्यांच्याबरोबर बोईसरच्या कारखान्यापर्यंत आला. कारखान्यात प्लास्टिकचं काम चाले. निवृत्तीच्या सुमारास कधीतरी अण्णांनी एकेक कार्ड तिथल्या यंत्रातून काढून प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करून आणलं. का, ते मी विचारलं नव्हतं.

जुनी तिकिटं, नाणी घेणाऱ्या मुंबईच्या फोर्टातल्या दमणवाला शेठना मी ती दाखवली. त्यांनी एक कार्ड उजेडाकडे धरलं आणि हळहळले.

"बाई, तुमच्या पप्पांनी मायेने मारून टाकली हो ही!"

मग त्यांनी समजावून सांगितलं. परदेशात एक कंपनी आहे. तिथे माणसं भिंगाखाली एकेक कार्ड तपासतात. कोपरे, कडा, रंग बघून दहापैकी गुण देतात आणि बंद करून परत पाठवतात. गुण मिळाले की खरा भाव येतो.

"कशात बंद करतात?"

"प्लास्टिकच्या डबीत."

"मग अण्णांनी तेच तर केलंय."

"ते कंपनीचं प्लास्टिक, बाई." शेठ हसले. "हे असंच पाठवलं तर बघणारसुद्धा नाहीत. एक कापून बघा. सुटलं तर सगळी सोडवा. नाहीतर मी आहेच, रद्दीपेक्षा बरं देईन."

पैशांचं मला तितकंसं नव्हतं. पण कुठेतरी दूर एक अनोळखी माणूस यातलं प्रत्येक कार्ड हातात घेऊन नीट बघेल, हे मनात घर करून बसलं. अण्णा गेल्यापासून त्यांची कुठलीच वस्तू माझ्याशिवाय कुणी नीट पाहिली नव्हती.

म्हणून त्या शनिवारी कात्री घेऊन बसले. पहिल्या कार्डाची कड कापली आणि प्लास्टिक हलकेच ओढलं. खेळाडूचा चेहरा प्लास्टिकला चिकटून वर आला. माझ्या हातात नुसता करडा कागद राहिला. दुसरं कदाचित सुटेल, असं म्हणत मी दुसरं, एका मिशीवाल्याचं, उचललं.

"म्हातारा झोपला काय?"

दारात लाडकी उभी होती, डोक्यावर ताडगोळ्यांची पाटी. ती डोंगराकडच्या पाड्यावरची. दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायची, उन्हाळ्यात परतून दारोदार ताडगोळे विकायची.

"अण्णा गेले, लाडकी. फाल्गुनात."

पाटी उतरवता उतरवता ती थांबली. मग उतरवलीच.

"आमी भट्टीवर व्हतो," ती म्हणाली. "आमाला कोन सांगनार."

ती उंबऱ्यावर बसली आणि सवयीने ताडगोळे सोलायला लागली. थोड्या वेळाने तिचं लक्ष कात्रीकडे गेलं.

"त्याला कशाला कापतेस, बाय? काय केलं त्यानं तुजं?"

"तुला माहीत आहेत ही चित्रं?"

"माहीत? ह्यो मिशीवाला माज्या सासऱ्यावानी दिसतो. म्हातारा बोलायचा, ह्यो लय मारायचा. मी बोलायची, माजा सासरा पन!" तिला स्वतःलाच हसू फुटलं, आणि लगेच तिने ते पदराने पुसलं. "पयल्यांदा म्हातारा दावायला लागला, तर मी हात नाय लावला. बोलली, माजे हात ओले हायत, तुजी चित्रं नासतील. फुडल्या खेपेला आली, तर समद्यांना पिशव्या घातलेल्या. बोलतो, घे आता, किती पानी सांडायचं ते सांड."

मी कात्री खाली ठेवली.

आठवडाभर मी पालघरला असायचे. अण्णा दुपारी काय करतात, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

लाडकीने ओल्या हातांनीच सगळी कार्डं पुढे ओढली. एकेक उचलून डोळ्यांजवळ नेलं. यष्टिरक्षकापाशी थांबली.

"समदे उभे, ह्यो एकलाच बसलाय. दमला वाटतं."

"दमला नाही. चेंडूची वाट बघतोय."

"मंग लय दिस बघतोय बिचारा."

"तू घेऊन जा त्याला."

"म्हातारा रागवंल."

"नाही रागावणार."

तिने ते कमरेला खोचलं, पानावर माझ्यासाठी ताडगोळे ठेवले आणि पाटी उचलली. ती पाड्याच्या वाटेला लागेपर्यंत मी दारात उभी होते.

सोमवारी शेठना कळवायचं ठरवलं: तपासायला पाठवायची नाहीत, प्लास्टिक तसंच राहील. एक बिघडलंय, एक नाहीये, संच मोडलाय. उरलेली आहेत तशी घ्या.

मग ताडगोळे खाल्ले. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं. मी हात न पुसता वरचं कार्ड उचललं. प्लास्टिकवरून थेंब घसरला आणि जमिनीवर पडला. मिशीवाला कोरडाच होता.