लाल गवतातलं लोणी

"निघालं! लोणी निघालं!" ऐन थंडीत वडशाच्या मंडईत माणसं एकमेकांच्या अंगावर चढत होती. समुद्रबाबा बांबूच्या पळीनं उकळतं पाणी ढवळत होता. पाण्यात लाल समुद्री गवत, वर तेलाचा तवंग. पानावर ओतून गार झालं की खाली खरवसासारखा थिजलेला थर, वर पांढरं लोणी! "देखो माई, सात समुद्रांचं सत्त्व! लाटा झोपल्या तेव्हा उपटलंय! लेकरू हत्ती होईल!" लाटा झोपतात म्हणे! आणि लोक हात जोडून उभे.

मी आरोग्य उपकेंद्राची नर्स. गर्दीत सोमारी दिसली आणि माझं डोकंच फिरलं. कडेवरची तिची लेक मंगली तीन आठवड्यांत किलोभर उतरली होती.

"डाळ-भात देतेस ना?"

"नाई बाई. बाबानं सांगतलं, हे सोडून सारं बंद."

मी तडक पुढे गेले. "बाबा, माझ्या पातेल्यात काढा लोणी."

"तुमच्या पातेल्यात? देवी कोपेल." त्या 'तुमच्या'वरचा जोर आम्हा बौद्धांना लहानपणापासून ओळखीचा आहे.

त्याचंच मूठभर गवत मी चहावाल्याच्या चुलीवर उकळलं. गार झाल्यावर पाणी थिजलं, पण लोण्याचा थेंब नाही. लोक म्हणाले, "मंत्र कुठी म्हटला तुमी?" मी कपाळावर हात मारला.

तेवढ्यात सोमारीची सासू बुधरी पुढे झाली. बाबाच्या पानावरचं लोणी तिनं हुंगलं. "हे तं मोहाच्या टोळीचं तेल व्हय! मी घरी काढतो ना!"

गवताखेरीज पाण्यात जात होती ती फक्त बाबाची पळी. मी ती हिसकावून फोडली. पोकळ बांबूत अर्धवट वितळलेला पांढरा गोळा! मोहाच्या बियांचं तेल थंडीत गोठतं, उकळत्या पाण्यात वितळून वर येतं, पानावर गार झालं की पुन्हा गोठतं. लाल गवतात चरबी कुठली? शंभर ग्रॅम वाळल्या गवतात दोन-तीन ग्रॅम, तीही बरीचशी मासळीच्या तेलासारखी पातळ. त्या खरवसानं पोट फुगतं, अंगी काही लागत नाही.

लोक बाबाला मारायला धावले. मी ओरडले, "त्याला पोलिसांकडे द्या! आणि तुमचे डोळे कुठं होते इतके दिवस?"

सोमारी रडवेली झाली. "पण बाई, हे खाऊन पोरगी रडाची थांबली होती."

"रडायचं त्राण उरलं नाही तिच्यात, सोमारी!"

तिनं मंगलीला घट्ट धरलं. डाळ-भाताचा पहिला घास भरवेपर्यंत मी तिथून हलले नाही.

माझं एवढंच म्हणणं आहे. कुणी काहीही सांगो, अगदी मीही सांगो, आधी लेकराला वजनकाट्यावर ठेवून बघा.