टाळ्या तेवढ्या तिच्या

कौशिकच्या जॅझ ट्रिओत तो स्वतः पियानो वाजवायचा, उत्कर्षा ड्रम आणि भार्गवी डबल बेस, म्हणजे माणसाएवढं उंच, खर्जातलं तंतुवाद्य. मार्चमध्ये वैशाली नगरातल्या एका लहान सभागृहात त्यांचा दुपारचा कार्यक्रम झाला आणि त्याचंच लाइव्ह रेकॉर्डिंग पुढे अल्बम म्हणून निघालं.

अल्बम आला त्या रविवारी भार्गवीने तो विद्याधर नगरच्या घरी बाबांना ऐकवला. तिसऱ्या रचनेत तिचा एकटीचा तुकडा सुरू झाला आणि ती चमकली. वाजवणं सफाईदार होतं, पण तिचं नव्हतं. नंतरच्या टाळ्या मात्र त्या दुपारच्याच होत्या.

तिने गॅलरीत जाऊन कौशिकला फोन लावला.

"तुझा बेस दोन-तीन ठिकाणी बेसूर झाला होता," तो म्हणाला. "मुंबईच्या एका वादकाकडून परत वाजवून घेतला. नाव तुझंच ठेवलंय ना?"

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

ती आत आली. तिच्या वाजवण्याला आजवर नुसतं 'घुंघुं' म्हणणारे बाबा डोळे मिटून ऐकत होते.

"सुरेख वाजवलंस गं," ते म्हणाले.

"बाबा, ते मी वाजवलेलं नाही." तिने सगळं सांगितलं.

बाबांनी डोळे उघडले. "मग तू कसं वाजवलं होतंस?"

भार्गवीला राग आवरेना. "तुम्हाला बोलावलं होतं मी," ती म्हणाली. "पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. ती शेवटपर्यंत रिकामीच राहिली."

बाबांनी मान खाली घातली. त्या दिवशी दोघं वेगवेगळ्या वेळी जेवली.