वरच्या आळीनं हाकललेली वानरं

बायको गेली त्या सकाळी मी नांगराचा दांडा तासत होतो. गिरणीवाला अंगभर पिठानिशी धावत आला.

"सुतारा, सोड ते काम. वहिनी शिडीवरनं पडल्या."

"फार लागलं का?"

त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. तेव्हाच मला कळलं.

अंगणातल्या दगडावर तिचं डोकं फुटलं होतं. वर वानरं कौलं उपसून खाली भिरकावत होती. एक कौल तिच्या पायाशी येऊन फुटलं. शेजारची म्हातारी तिला मांडीवर धरून ओरडत होती, "छपरावरच्या शेंगा काढायला चढली होती रे! वरच्या आळीनं डबे बडवले अन् अख्खा कळप हिच्या अंगावर आला."

गावाची रीतच ती. वरच्या आळीनं वानरं खाली हाकलायची, खालच्या आळीनं वर. गावाबाहेर ती कधी गेलीच नाहीत. आदल्या दिवशी आम्हीच वर पिटाळली होती. सगळ्यात जोरात डबा तीच बडवत होती. "जाऊ दे मेल्यांना माझ्या भावाकडं," म्हणून हसत होती.

दांडा माझ्या हातातच राहिला होता. तसाच वरच्या आळीत गेलो. तोंडाशीच तिचा भाऊ उभा, गळ्यात डबा. त्याला काहीच माहीत नव्हतं.

"काय दाजी, पोचले का पाहुणे? अक्कानं शिव्यांची लाखोली वाहिली असेल!"

मी मारलं. पहिला फटका डब्यावर बसला, दुसरा हातावर. हाड मोडलेलं ऐकू आलं, तरी थांबलो नाही. तो पडला. तोंडातून रक्त आलं. लोक धावले, पण माझ्या जवळ यायला कुणी धजेना.

"अहो, चेष्टा होती ती, दाजी!" तो खालून ओरडला. "अरे, अक्काला बोलवा कुणीतरी! तिचंच ऐकतात हे!"

दांडा माझ्या हातून गळून पडला.

त्याला कुणी सांगितलं, मला आठवत नाही. मोडका हात पोटाशी धरून त्यानं तिला खांदा दिला.

आता डबा कुणी वाजवत नाही. वानरं दोन्ही आळ्यांत धुमाकूळ घालतात. तो रोज येऊन ओट्यावर बसतो, हात झोळीत.

"दाजी, कौलं बसवून देऊ?"

"एका हातानं?"

"तुम्ही खालनं द्या की."

मी त्याला अजून आत ये म्हटलेलं नाही.